चूक झाली, पण कुठे?
पायथन या संगणकभाषेच्या नव्या आवृत्त्यांचे एक परीक्षण

संगणकाच्या एखाद्या भाषेची नवी आवृत्ती आली की तिच्याबद्दल जे लिहिले जाते ते बहुधा वेगाबद्दल असते. २०२२ मध्ये पायथनची ३.११ ही आवृत्ती आली, तेव्हा ती आधीच्या आवृत्तीपेक्षा सरासरी सव्वापट वेगाने चालते याची चर्चा झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये ३.१४ आली, तेव्हा चर्चा होती ती एका जुन्या कुलपाची. या कुलपामुळे पायथनच्या एका प्रोग्रॅममधली अनेक कामे खऱ्या अर्थाने एकाच वेळी चालू शकत नसत. ते काढून टाकलेली वेगळी बांधणी आता अधिकृतपणे मिळू लागली आहे. ज्यांना प्रचंड माहितीवर आकडेमोड करायची असते त्यांच्या दृष्टीने हे महत्त्वाचे आहेच. पण आठवीतल्या एखाद्या मुलीने दहा विद्यार्थ्यांच्या गुणांची सरासरी काढणारा प्रोग्रॅम लिहिला, तर तो सेकंदाच्या हजाराव्या भागात संपला की दोन हजाराव्या, याने तिला काहीच फरक पडत नाही. तिला फरक पडतो तो प्रोग्रॅम चाललाच नाही तर.

म्हणून या भाषेचे परीक्षण आम्ही एकाच प्रश्नावर करायचे ठरवले आहे. शिकणाऱ्याकडून चूक झाली की ही भाषा त्याला काय सांगते, आणि सांगितलेले त्याला कळते का?

हा प्रश्न किरकोळ नाही. संगणकाच्या तासाला एकेका यंत्रासमोर दोन-तीन मुले बसलेली असतात आणि शिक्षक एकटाच असतो. एका बाकावरची अडचण सोडवेपर्यंत दुसऱ्या चार बाकांवर हात वर झालेले असतात. अशा वेळी त्या मुलांजवळ शिक्षकाच्या जागी असतो तो पडद्यावरचा संदेश. तो कळला तर मूल पुढे जाते. लागोपाठ तीन वेळा कळला नाही, तर 'हा संदेश वाईट लिहिला आहे' असे मुलाच्या मनात येत नाही. 'हे आपल्याला जमणारे नाही' असेच येते.

(या लेखात पायथनचे शब्द आणि संदेश आम्ही देवनागरीत दिले आहेत. पडद्यावर ते अर्थातच इंग्रजीत, रोमन लिपीत असतात.)

शिकणाऱ्यांशी जुने नाते

पायथनकडून अशी अपेक्षा करायला आधार आहे. नेदरलँड्समधल्या अ‍ॅमस्टरडॅम इथल्या 'सीडब्ल्यूआय' या गणित व संगणकशास्त्राच्या संस्थेत खिडो व्हान रॉसम हे 'एबीसी' नावाच्या भाषेवर काम करत होते. नवशिक्यांना सहज शिकता यावी अशा बेताने एबीसी रचली होती. ती फारशी पसरली नाही. पण १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत व्हान रॉसम यांनी स्वतःची नवी भाषा रचायला घेतली, तेव्हा एबीसीतल्या अनेक कल्पना तिच्यात आल्या. ओळी समासापासून आत सरकवून त्यांचा गट दाखवण्याची पद्धत ही त्यांतलीच एक. फेब्रुवारी १९९१ मध्ये ही भाषा सर्वांसाठी खुली झाली. पुढे १९९९ मध्ये, प्रोग्रॅम लिहिणे हे वाचन-लेखनासारखे सर्वांना यावे असा एक प्रस्ताव व्हान रॉसम यांनी अमेरिकेत मांडला. त्यासाठी वापरायची भाषा अर्थातच पायथन होती.

आज आपल्याकडेही ही भाषा शाळेत आली आहे. केंद्रीय मंडळाच्या अकरावी-बारावीच्या संगणकशास्त्रात पूर्वी सी-प्लस-प्लस असे, आता पायथन आहे. एनसीईआरटीचे अकरावीचे पाठ्यपुस्तकही पायथनच्या आधारानेच लिहिलेले आहे. तेव्हा ही भाषा चूक कशी दाखवते, हा आता आपल्याही वर्गातला प्रश्न झाला आहे.

आधी काय होत असे?

एक अगदी साधी चूक घ्या. पहिल्या ओळीत 'प्रिंट' लिहून कंस उघडला, आत अवतरणचिन्हांत नाव लिहिले, पण कंस बंद करायचा राहिला. दुसरी ओळ मात्र बरोबर आहे. हा प्रोग्रॅम ३.९ किंवा त्याआधीच्या पायथनवर चालवला तर संदेश येई 'इनव्हॅलिड सिंटॅक्स', म्हणजे वाक्यरचना चुकली. आणि बोट दाखवले जाई दुसऱ्या ओळीकडे!

मूल दुसरी ओळ वाचते. तिच्यात काही चूक नसते. ते ती खोडून पुन्हा लिहिते, पुन्हा तोच संदेश येतो. पुष्कळ शिक्षकांनी यावर 'संदेश ज्या ओळीवर असेल तिच्या वरची ओळ पाहा' असा तोंडी नियमच करून ठेवला होता. यंत्र चुकीच्या जागी बोट दाखवते आणि शिक्षक मुलांना त्या बोटाकडे दुर्लक्ष करायला शिकवतो, अशी ही विचित्र अवस्था होती.

असे का होई, हे समजून घेण्यासारखे आहे. प्रोग्रॅम चालवण्याआधी पायथन तो वाचून त्याचे व्याकरण तपासते. हे काम करणाऱ्या भागाला पार्सर म्हणतात. आपण त्याला 'वाचक' म्हणू. जुना वाचक वाक्य शब्दाशब्दाने वाचत असे आणि पुढे काय आहे हे ठरवताना फक्त एकच पुढचा शब्द पाहत असे. कंस उघडा असताना ओळ संपली तरी त्याच्या लेखी वाक्य चालूच असते. नियमाप्रमाणे तसे लिहिणे चूक नाहीच, कारण लांब यादी अनेक ओळींत लिहिता यावी म्हणून ही सवलत दिलेली आहे. दुसऱ्या ओळीचा पहिला शब्द आला की मात्र त्याचे अडते. जिथे अडले तिथेच तो बोट दाखवतो. चूक जिथे झाली ती जागा आणि चूक जिथे लक्षात आली ती जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जुन्या वाचकाला दुसरीच ठाऊक होती.

चुकीच्या वाक्यांचे व्याकरण

२०२० मध्ये आलेल्या ३.९ या आवृत्तीत हा वाचक बदलला. नवा वाचक एक अर्थ लागला नाही तर मागे जाऊन दुसरा अर्थ लावून पाहू शकतो. हा बदल करताना फायदा सांगितला गेला तो भाषेची देखभाल करणाऱ्यांचा. पण पुढच्याच वर्षी, ३.१० मध्ये, पाब्लो गालिंदो साल्गादो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा एक सुंदर उपयोग केला.

त्यांनी काय केले? भाषेच्या व्याकरणात बरोबर वाक्यांचे नियम असतातच. त्यांच्या जोडीला त्यांनी चुकीच्या वाक्यांचेही नियम लिहिले. 'जर'च्या वाक्याअखेर विसर्गचिन्हासारखे दोन ठिपके द्यायचे राहिले, तर ते वाक्य कसे दिसेल? यादीत स्वल्पविराम विसरला तर? तुलना करताना दोनऐवजी एकच बरोबरचे चिन्ह दिले तर? प्रोग्रॅम आधी नेहमीच्या नियमांनी वाचला जातो. तो बरोबर असेल तर पुढचे काही घडतच नाही, त्यामुळे बरोबर प्रोग्रॅमला या सोयीची किंमत मोजावी लागत नाही. वाचन अडले तरच वाचक पुन्हा सुरुवातीपासून वाचतो, आणि या खेपेला चुकीच्या वाक्यांचे नियमही हाताशी घेतो. त्यांतला एखादा जुळला की त्याला नेमका संदेश देता येतो.

अनुभवी शिक्षक नेमके हेच करत असतो. तिसरीच्या वर्गात हातच्याची वजाबाकी तपासताना 'उत्तर चूक' एवढे म्हणून तो थांबत नाही. मुले कोणत्या चार-पाच तऱ्हांनी चुकतात हे त्याला माहीत असते. म्हणून वहीवर नजर टाकताच 'दशकातून घेतलेला एक कमी करायला विसरलास' असे तो सांगू शकतो. चुकांची ही जाण इतकी वर्षे शिक्षकाच्या डोक्यात असे, ती आता भाषेच्या व्याकरणात नोंदवली गेली. गेल्या काही वर्षांत पायथनमध्ये झालेल्या बदलांपैकी शाळेच्या दृष्टीने हा सर्वांत मोलाचा, असे आमचे मत आहे.

त्यानंतर दर ऑक्टोबरात येणाऱ्या आवृत्तीत यात भर पडत गेली. ३.१० पासून न मिटलेल्या कंसाचा संदेश 'हा कंस बंदच केला नाही' असा येतो आणि बोट पहिल्या ओळीतल्या त्या कंसाकडेच असते. एखादे नाव थोडेसे चुकीचे लिहिले असेल, तर प्रोग्रॅममधल्या इतर नावांशी ते ताडून 'तुम्हाला अमुक म्हणायचे होते का?' असे विचारले जाते. २०२२ च्या ३.११ पासून, लांबलचक ओळीतल्या नेमक्या कोणत्या भागात गाडी अडली, ते खाली खुणा करून दाखवले जाते. २०२३ च्या ३.१२ मध्ये 'हे मॉड्यूल आणायला विसरलात का?' ही विचारणा आली.

२०२४ च्या ३.१३ मधली एक सुधारणा शाळेत शिकवणाऱ्या माणसाला विशेष आवडेल. मुले यादृच्छिक संख्यांचा, म्हणजे फाशांचा खेळ लिहितात आणि ती फाइल 'रँडम' याच नावाने ठेवतात. मग पायथन आपल्या मूळच्या रँडम मॉड्यूलऐवजी मुलाचीच फाइल उघडते आणि 'यात अशी सोयच नाही' असा गूढ संदेश देते. पुस्तकातला प्रोग्रॅम जसाच्या तसा उतरवूनही तो चालत नाही. आता त्या संदेशातच सांगितलेले असते की तुमच्या फाइलचे नाव मूळ मॉड्यूलच्या नावासारखेच आहे, ते बदलून पाहा. याच आवृत्तीत आणखी एक जुना हट्ट सुटला. पूर्वी 'एक्झिट' असे लिहिले की पायथन उत्तर देई, बाहेर पडायचे असेल तर एक्झिटपुढे कंस लिहा. म्हणजे तुमचे म्हणणे त्याला कळलेले असे, पण तो ऐकत नसे. आता ऐकतो. ३.१४ मध्ये भाषेचे राखीव शब्द चुकीचे लिहिले, उदाहरणार्थ 'व्हाइल' मध्ये एक अक्षर जास्त पडले, तर तेही ओळखले जाते.

सल्ला चुकतो तेव्हा

इथवर कौतुक झाले. आता दुसरी बाजू. नुसती 'चूक' म्हणणारा संदेश निरुपयोगी असला तरी दिशाभूल करत नाही. सल्ला देणारा संदेश मात्र चुकीचा सल्लाही देऊ शकतो. पुढची तीन उदाहरणे ३.१० किंवा नंतरच्या कोणत्याही आवृत्तीवर करून पाहता येतील.

पहिले उदाहरण. 'जर एक्स ची किंमत ५ असेल' हे लिहिताना नवशिका एकच बरोबरचे चिन्ह देतो. पायथनमध्ये तुलनेसाठी अशी दोन चिन्हे सलग लागतात. संदेश येतो, 'तुम्हाला = ऐवजी == किंवा := म्हणायचे होते का?' यातले := हे चिन्ह २०१९ मध्ये ३.८ या आवृत्तीत आले. त्यावरून भाषेच्या कारभाऱ्यांत इतका वाद झाला होता, की त्यानंतर जुलै २०१८ मध्ये व्हान रॉसम यांनी भाषेचे अंतिम निर्णय घेण्याचे काम सोडून दिले. मुलाला हा इतिहास माहीत नसतो आणि ते चिन्हही त्याने शिकलेले नसते. त्याच्यापुढे दोन पर्याय आले, त्यांतला एक ते निवडणार. त्याने := निवडले तर प्रोग्रॅम चालतो! पण आता त्याचा अर्थ 'एक्स ला ५ ही किंमत दे आणि ती शून्य नसेल तर पुढे जा' असा होतो. म्हणजे अट नेहमीच खरी ठरते. चूक दिसत होती ती आता लपली.

दुसरे उदाहरण बीजगणिताच्या तासाचे. एक्स ची किंमत ५ ठेवून मुलगी 'प्रिंट' च्या कंसात २ लिहिते, जागा सोडते आणि एक्स लिहिते. गणितात 'दोन एक्स' असेच लिहितात. मध्ये गुणाकाराचे चिन्ह हवे, हे तिच्या लक्षात आलेले नाही. पायथनचा सल्ला असतो, 'बहुधा स्वल्पविराम विसरलात.' ती तो देते. प्रोग्रॅम चालतो आणि पडद्यावर १० ऐवजी '२ ५' असे उमटते. तिने जागा न सोडता २ ला लागूनच एक्स लिहिले असते, तर संदेश आला असता 'इनव्हॅलिड डेसिमल लिटरल', म्हणजे दशमान संख्या नीट लिहिलेली नाही. आपण कुठे दशमान संख्या लिहिली, असा प्रश्न तिला पडला तर तिचे काय चुकले? गुणाकाराचे चिन्ह गाळणे ही शाळेतल्या मुलांची स्वाभाविक चूक आहे. तरीही चुकीच्या वाक्यांच्या व्याकरणात तिला जागा मिळालेली नाही. हे व्याकरण लिहिणारे व्यवसायाने प्रोग्रॅम लिहिणारे आहेत, गणित शिकवणारे नाहीत, हे इथे जाणवते.

तिसरे उदाहरण सर्वांत नेहमीचे. मुलाला त्याचे वय विचारून त्यात १ मिळवायचा आहे. 'इनपुट' ने घेतलेले उत्तर पायथन संख्या मानत नाही, अक्षरे मानते. त्यामुळे बेरीज अडते आणि संदेश येतो की 'एसटीआर' ला फक्त 'एसटीआर' च जोडता येते, 'इंट' नाही. 'कॉन्कॅटिनेट' हा मूळ शब्द तर इंग्रजी माध्यमाच्या मुलांनाही अनोळखी असतो. इतके संदेश सुधारले, पण हा जवळजवळ प्रत्येक नवशिक्याला भेटणारा संदेश तसाच राहिला. शिवाय याच वयाला २ ने गुणले तर काहीच अडत नाही. १२ चे १२१२ होतात आणि संदेशही येत नाही.

या तिन्हींतून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. भाषेला वाक्य दिसते, हेतू दिसत नाही. 'मुलाला काय म्हणायचे होते' हे त्याच्या शेजारी बसलेल्या माणसालाच विचारून कळते. म्हणून संदेशातला सल्ला हा निकाल समजू नये, एक अंदाज समजावा, हे मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगायला हवे.

इंग्रजीची भिंत

सुधारलेल्या संदेशांची एक बाजू मराठी माध्यमाच्या शिक्षकालाच दिसेल. पूर्वीचा संदेश दोन शब्दांचा होता. इंग्रजी न येणारे मूलही तो एखाद्या चित्रासारखा ओळखत असे. आता संदेश पुऱ्या वाक्यांचे झाले आहेत. त्यांत 'परहॅप्स' आहे, 'फरगॉट' आहे, 'डिड यू मीन' आहे. 'मीन' म्हणजे सरासरी, असे ज्याने गणितात शिकले आहे त्याने याचा काय अर्थ लावावा? ज्याला इंग्रजी वाचता येते त्याच्यासाठी नवी भाषा जास्त सोपी झाली. ज्याला येत नाही त्याच्यासाठी ती तितकी सोपी झाली नाही. दोघांतले अंतर वाढले.

पायथन देवनागरीला परकी मानते असे मात्र नाही. २००८ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून चलांना 'वजन', 'उंची', 'बेरीज' अशी देवनागरी नावे देता येतात. विद्यार्थ्याने उत्तरादाखल देवनागरी आकड्यांत १२ टंकले तरी त्याची संख्या करता येते. मात्र प्रोग्रॅममध्ये थेट देवनागरी आकडा लिहिलेला चालत नाही. 'मराठी' या शब्दाची लांबी विचारली तर उत्तर ५ येते, कारण काना आणि वेलांटी वेगळी मोजली जातात. 'नमस्ते' चे उत्तर ६ येते. यावर मराठीचे आणि संगणकाचे शिक्षक मिळून एक छान तास घेऊ शकतील. अक्षर म्हणजे नेमके काय?

याच वाटेवर एक खड्डाही आहे. 'वाऱ्याचा वेग' यातला 'ऱ्या' दोन तऱ्हांनी टंकता येतो. एका तऱ्हेत मधे एक न दिसणारे जोडचिन्ह असते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण चलाच्या नावात ते चिन्ह आले तर पायथन 'न छापता येणारे अक्षर' असा आक्षेप घेते. मुलाने कितीही निरखून पाहिले तरी त्याला चूक दिसणार नाही, कारण ती दिसणारी नाहीच.

पायथनचे अधिकृत दस्तऐवज जपानी, कोरियन, फ्रेंच, स्पॅनिश अशा भाषांत वाचता येतात. पण चुकांचे संदेश अजून केवळ इंग्रजीत आहेत. हे अशक्य म्हणून राहिले आहे का? तसे दिसत नाही. आंद्रे रोबर्ज यांनी लिहिलेली 'फ्रेंडली ट्रेसबॅक' ही जोडणी पायथनच्या संदेशांचे सविस्तर स्पष्टीकरण इंग्रजीबरोबर फ्रेंचमध्येही देते. नेदरलँड्समध्ये फेलिएन हर्मन्स यांनी २०२० मध्ये सुरू केलेली 'हेडी' ही शिकाऊ भाषा मुलांना टप्प्याटप्प्याने पायथनकडे नेते, आणि तिच्यात आज्ञांचे शब्दसुद्धा मुलांच्या स्वतःच्या भाषेत लिहिण्याची सोय आहे. वाट तयार आहे, तिच्यावर चालणारे हवेत.

साधने : मदत कुठवर?

भाषेबरोबर तिची साधनेही बदलली. त्यांनाही तोच प्रश्न विचारू.

पायथन बसवणे आणि लागतील त्या जोडण्या आणणे हे काम वर्षानुवर्षे किचकट राहिले आहे. प्रत्येक प्रकल्पासाठी वेगळी 'आभासी खोली' करायची, ती चालू करायची, मग जोडणी आणायची. २०२३ च्या डेबियन १२ पासून तर संगणकाच्या मूळ पायथनमध्ये थेट जोडणी आणायला गेल्यास नकार मिळतो. हा नकार योग्य आहे आणि त्याची कारणेही संदेशात दिलेली असतात. पण शेवटी नकार डावलण्याचा उपायही छापलेला असतो, आणि घाईत असलेला माणूस तोच उचलतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या 'यूव्ही' या साधनाने ही सगळी कामे एका छत्राखाली आणली. ते अतिशय वेगवान आहे आणि खुद्द पायथनसुद्धा आणून बसवते. व्यवसाय करणाऱ्यांनी त्याचे स्वागत केले ते योग्यच. मात्र नवी जोडणी आणायची तर त्याला इंटरनेट लागते. नवशिक्यांच्या वर्गाला आमचा सल्ला असा, की पहिले सहा महिने बाहेरच्या जोडण्यांच्या वाटेला जाऊच नये. भाषेच्या डब्यात जे आहे ते पुरते.

दुसरे साधन म्हणजे लिहिण्याची जागा. व्हीएस कोडमध्ये गिटहब कोपायलट हा सहायक डिसेंबर २०२४ पासून विनामूल्य स्वरूपातही मिळू लागला. मुलाने पहिली ओळ लिहिली की पुढच्या दहा ओळी तो राखाडी अक्षरांत पुढे ठेवतो. एक कळ दाबली की त्या तुमच्या. ज्याला त्या दहा ओळी स्वतः लिहिता येतात त्याचा वेळ वाचतो. ज्याला येत नाहीत त्याच्या हातून चूक करण्याची संधीच जाते. ती केली नाही तर इतक्या कष्टाने सुधारलेले संदेश तो वाचणार कधी? एकीकडे भाषा चूक समजावून सांगायला शिकली आणि दुसरीकडे साधने चूक होऊच देईनात, अशी ही गंमत आहे. वर्गात हा सहायक बंद ठेवावा असे आम्हाला वाटते.

एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात तयार झालेले 'थॉनी' हे साधन याच्या उलट टोकाचे आहे. ते मुलांसाठी काही लिहीत नाही. प्रोग्रॅम एकेक पाऊल चालवून दाखवते, गणिती राशीची किंमत कशी निघत जाते ते दाखवते, चलांच्या किमती शेजारी मांडते. न मिटलेला कंस लिहितानाच उठून दिसतो. पायथनही त्याच्यासोबतच येते. शाळेसाठी आम्ही ते सुचवू.

एक अडचण मात्र कोणत्याही साधनाने सुटत नाही. विंडोज ७ असलेल्या संगणकावर पायथन ३.८ च्या पुढे जात नाही, आणि सुधारलेले संदेश तर ३.१० पासूनचे आहेत. म्हणजे जुनी यंत्रे घेऊन बसलेल्या शाळेतल्या मुलांना, ज्यांना नीट संदेशाची सर्वांत जास्त गरज आहे, जुनाच 'इनव्हॅलिड सिंटॅक्स' वाचावा लागतो. अशा यंत्रांवर लिनक्स बसवले तर बहुधा नवी आवृत्ती चालते. संगणक बदलायला पैसे नसले, तरी हे करून पाहता येईल.

वर्गात काय करावे?

आधी तुमच्या संगणकांवर कोणती आवृत्ती आहे ते पाहा. ३.१० च्या खालची असेल तर बदलण्याचा प्रयत्न करा.

मग एक तास केवळ चुकांसाठी ठेवा. चालणारा एक छोटा प्रोग्रॅम मुलांना द्या आणि तो मुद्दाम बिघडवायला सांगा. कंस काढा, ठिपके काढा, नावातले एक अक्षर बदला. प्रत्येक वेळी आलेला संदेश वहीत उतरवून त्याच्यापुढे त्याचा अर्थ मराठीत लिहायचा. सल्ला बरोबर होता की चुकीचा, तेही लिहायचे. वर दिलेली तीन उदाहरणे यात जरूर घ्या. पंचवीस-तीस संदेशांत नवशिक्यांच्या बहुतेक चुका येऊन जातील. वर्षअखेरीस ही वही पुढच्या वर्गाला द्या.

अशा वह्या वीस-पंचवीस शाळांत तयार झाल्या, तर मराठी मुले पायथन लिहिताना कुठे आणि कशी चुकतात याची नोंद पहिल्यांदाच कागदावर येईल. मराठी संदेश देणारी जोडणी उद्या कुणी लिहायला घेतली, तर त्याला नेमकी हीच नोंद लागेल. भाषेच्या कर्त्यांनी चुकीच्या वाक्यांचे व्याकरण लिहून एक चांगला पायंडा पाडला आहे. त्यात गुणाकाराचे चिन्ह विसरणारी मुलगी अजून आलेली नाही. ती रोज ज्यांच्या समोर बसते, त्या शिक्षकांनीच तिची चूक लिहून ठेवायला हवी.